होयचे बहुमत

लातुरात विलासराव देशमुखांचा विषय निघाला की दोन आकडे हमखास कानावर येतात. पहिला म्हणजे अर्धा. १९९६ साली विधान परिषदेच्या निवडणुकीत साहेब अर्ध्या मतानं पडले. दुसरा १४३. जून २००२ मध्ये त्यांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव १४३ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाला. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना हे पाठ आहे. गंजगोलाईत पानाच्या टपरीवर उभं राहिलात तरी ऐकायला मिळेल.

मी निवृत्त होईपर्यंत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवलं. विधिमंडळाचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी एक पोरगं विचारायचंच, "मॅडम, आपल्या आमदारानं कायद्याला हो म्हणलं का नाही, हे कुठं लिहून ठेवलेलं असतंय?" प्रश्न अगदी रास्त. उत्तर मात्र असं आहे की बहुतेक वेळा ते कुठंच लिहिलेलं नसतं. विलासरावांच्या कारकिर्दीवर लिहावं असं कितीतरी दिवस मनात होतं, आणि लिहायला बसले तेव्हा हाच प्रश्न आडवा आला. सरपंच, आमदार, मंत्री, दोनदा मुख्यमंत्री झालेल्या माणसाच्या मतदानाची नोंद शोधायला निघालं की हाती हेच दोन आकडे लागतात. दोन्ही खुर्चीचे.

आधी कारकीर्द थोडक्यात. जन्म २६ मे १९४५, गाव बाभळगाव, लातूरच्या शेजारचंच. शिक्षण पुण्यात, वकिलीची पदवी. १९७४ च्या सुमारास गावचे सरपंच झाले, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद. १९८० ला लातूरचे आमदार. तेव्हा लातूर जिल्हा नव्हताच, आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. ऑगस्ट १९८२ मध्ये जिल्हा वेगळा झाला. १९८५ आणि १९९० लाही तेच निवडून आले, अनेक खाती सांभाळली. १९९५ ला जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना तीस हजारांहून जास्त मतांनी हरवलं. तो निकाल ज्यांनी पाहिला त्यांना तो कसा लागला हे सांगायला नको. शहरात फटाके आणि सुतक दोन्ही एकाच वेळी होतं. १९९९ ला याच लातूरनं त्यांना सुमारे ९१ हजारांच्या फरकानं परत पाठवलं, आणि त्याच ऑक्टोबरात ते मुख्यमंत्री झाले.

मधलं अर्धं मत मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते समजून घेतलं की आमदारांच्या मतदानाची अर्धी गोष्ट कळते.

विधानसभेतले आमदार विधान परिषदेवर माणसं निवडून देतात तेव्हा चिठ्ठीवर पसंतीक्रम लिहितात: एक, दोन, तीन. मतदान गुप्त असतं. प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. समजा सगळ्या २८८ आमदारांनी मतदान केलं आणि जागा ११ आहेत. एकूण मूल्य २८,८००. त्याला जागांपेक्षा एकानं जास्त, म्हणजे १२ नं भागायचं आणि एक मिळवायचा. निवडून यायला लागणारं मूल्य, म्हणजे कोटा, आला २,४०१. ज्याला ३० जणांनी पहिली पसंती दिली त्याचे झाले ३,०००, म्हणजे ५९९ जास्तीचे. हे जास्तीचं मूल्य त्याच तीस मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवारांकडे जातं, प्रत्येक पत्रिकेमागे १९. अपूर्णांक सोडून देतात. शंभरातले १९ असे पुढे सरकत सरकत शेवटच्या जागेचा निकाल लागतो. म्हणून 'अर्धं मत' ही काही कविकल्पना नाही. मी फळ्यावर हे गणित मांडायचे तेव्हा पोरं पहिल्यांदा हसायची आणि मग वहीत स्वतः करून बघायची.

१९९६ ला विलासराव काँग्रेसची उमेदवारी नसताना अपक्ष उभे राहिले आणि एवढ्याशा फरकानं गेले. त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं सभागृहात बसलेल्यांपैकी कुणी दुसरी पसंती दिली, कुणी शब्द देऊन फिरवला, कुणाला कळलं नाही आणि कधी कळणारही नाही. ती चिठ्ठी गुप्त आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं. विधान परिषदेला आजही तसं नाही. २०२२ च्या जूनमध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन्ही निवडणुका झाल्या आणि दुसऱ्या निवडणुकीत मतं कशी फुटली ते महाराष्ट्रानं बघितलं. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पक्षाचे पहिल्या पसंतीचे उमेदवार असूनही पडले.

दुसऱ्या आकड्याची गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझं माहेर रेणापूर, सासर लातूर. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. तेव्हा रेणापूर मतदारसंघाचे आमदार गोपीनाथराव मुंडे, लातूरचे विलासराव. दोघं मित्र, आणि दोघं समोरासमोरच्या बाकांवर. २००२ ला शेतकरी कामगार पक्षानं रायगडच्या राजकारणातून सरकारचा पाठिंबा काढला, राष्ट्रवादीचेही काही आमदार फुटले, नारायण राणे विरोधी पक्षनेते होते आणि सरकार पडणार असं सगळीकडे चाललं होतं. आमदारांना सांभाळायला राज्याबाहेर नेलं. मतदानाच्या तोंडावर अध्यक्ष अरुण गुजराथींनी फुटलेल्या काही आमदारांना अपात्र ठरवलं. १३ जूनला मोजणी झाली: १४३ आणि १३३.

त्या दिवशी रेणापूरला आमच्या आईला माहीत होतं की तिचा आमदार १३३ मध्ये आहे. लातूरला माझ्या सासऱ्यांना माहीत होतं की त्यांचा आमदार १४३ मध्ये आहे. दोन घरांत दिवसभर फोनवर वाद झाला, आणि तो वाद चांगला होता, कारण दोघांकडे खरी माहिती होती. आपण निवडून दिलेल्या माणसानं नेमक्या कोणत्या बाजूला मत टाकलं हे सामान्य मतदाराला स्वच्छ कळण्याचा असा दिवस आमच्या घरात मला दुसरा आठवत नाही.

एरवी काय होतं ते सांगते. विधेयक मांडलं जातं, चर्चा होते, कधी होत नाही. मग अध्यक्ष म्हणतात, जे बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे. सभागृहात आवाज उठतो. 'होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत झाले.' खंडाखंडानं, म्हणजे विधेयकाच्या कलमाकलमाला, हेच. खंड दोन ते अमुक विधेयकाचा भाग झाले. हे आवाजी मतदान. त्या आवाजात लातूरच्या आमदाराचा आवाज होता का, औशाचा होता का, की त्या वेळी माणूस बाहेर कँटीनला होता, याची नोंद राहत नाही. कुणी उभं राहून पोल मागितला, म्हणजे मतविभागणीची मागणी केली, तर शिरगणती होते. पण पोल कधी मागितला जातो? सरकार पडणार असेल तेव्हा. अध्यक्षाची निवड असेल तेव्हा. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरेंच्या सरकारला १६९ मतं, चार तटस्थ. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदेंच्या सरकारला १६४, विरोधात ९९. प्रत्येक आमदार उभा राहून आपला क्रमांक बोलला. हे आकडेही लोकांना पाठ आहेत. आणि १२ नोव्हेंबर २०१४ ला तर विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजीनं मंजूर झाला, विरोधक पोल मागत राहिले.

मला याचा राग येतो तो पाण्यामुळे.

विलासराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असताना, २००५ साली, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. मराठवाड्याच्या दृष्टीनं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात दूरगामी कायदा कोणता असं मला कुणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन. खोऱ्यातल्या सगळ्या धरणांनी टंचाई समान वाटून घ्यायची, वरच्यांनी आधी भरून घ्यायचं आणि खालच्यांनी आभाळाकडे बघायचं असं चालणार नाही, हे तत्त्व या कायद्यात आलं. नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची जी मागणी आपण करतो तिचा कायदेशीर आधार हाच. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणानं आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तो कायदा उचलून धरला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी केली. २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचं एवढं मोठं धरण, आणि ते भरण्याचा हक्क कागदावर यायला चाळीस वर्षं लागली. लातूरला जायकवाडीचं पाणी येत नाही, आमचा जीव मांजरा धरणावर. पण मांजराही शेवटी गोदावरीलाच मिळते, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी बघितलं त्यांना खोऱ्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

तर असा कायदा. २०११ ला त्यात दुरुस्ती झाली. कोणत्या वापराला किती पाणी द्यायचं, शेतीला किती आणि कारखान्यांना किती, हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून काढून पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेला. मराठवाड्यातून विधानसभेवर ४६ आमदार जातात. २००५ ला त्या कायद्याला आणि २०११ ला त्या दुरुस्तीला या जागांवरच्या माणसांनी काय म्हटलं? कोण बोललं, कोण गप्प बसलं, कुणी 'नाही' म्हटलं? भाषण केलं असेल तर ते कार्यवाहीच्या खंडात छापलेलं असतं आणि वाचता येतं. मत मात्र त्या होयच्या आवाजात मिसळून गेलेलं. आपण मतदान केंद्रावर बोटाला शाई लावून घेतो, आपल्या नावापुढे खूण होते, सही होते. आपण पाठवलेल्या माणसानं आपल्या नदीबद्दल जे मत दिलं त्याच्यापुढे खूण नाही.

याहून जुनं आणि जास्त दुखणारं उदाहरण आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव एकमतानं मंजूर केला. विधानसभेत अध्यक्षाच्या खुर्चीवर तेव्हा लातूरचेच आमदार होते, शिवराज पाटील चाकूरकर. एकमतानं म्हणजे मराठवाड्यातल्या सगळ्या आमदारांसह. आणि पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या गावागावांत दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. घरं जळाली, माणसं शिवारात लपून राहिली. ठराव मंजूर होता आणि विद्यापीठाचं नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, तेही नामविस्तार म्हणून, म्हणजे 'मराठवाडा' हे नाव तसंच ठेवून.

मी त्या वेळी शाळेत होते. मोठं झाल्यावर मला सतत वाटत राहिलं की एकेका आमदाराला नाव घेऊन उभं राहून 'होय' म्हणावं लागलं असतं, दुसऱ्या दिवशी ते नाव तालुक्याच्या वर्तमानपत्रात आलं असतं, तर काय झालं असतं? काहींनी तिथेच 'नाही' म्हटलं असतं, आणि तेही चाललं असतं. निदान कोण कुठे उभा आहे हे वस्तीतल्या माणसाला कळलं असतं. आणि ज्यांनी 'होय' म्हटलं असतं त्यांना आग लागलेल्या गावात जाऊन सांगावं लागलं असतं की मी माझ्या नावानं मत दिलंय आणि मी त्यावर ठाम आहे. एकमतामुळे ती जबाबदारी कुणा एकाच्या अंगावर आली नाही. सोळा वर्षं ती अशीच कुणाच्याच अंगावर न येता राहिली.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: मॅडम, व्हिप असतो, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, आमदाराच्या हातात काय असतंय? खरं आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, पक्षाचा आदेश मोडून मत दिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. म्हणून आमदार बहुतेक वेळा पक्षाबरोबरच मत देणार. पण नोंद तरीही हवी. पक्षाबरोबर दिलं तर दिलं, ते लिहिलेलं असू दे. मग मतदार विचारेल की पाण्याच्या प्रश्नावर पक्षाच्या बैठकीत तुम्ही काय बोललात. आणि गैरहजेरी? व्हिप नसताना, विधेयक आपल्या भागाचं असताना, सभागृहात नसणं हे सुद्धा एक मतच आहे, आणि आवाजीमध्ये तेही झाकलं जातं. जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजीनं मंजूर झालं तेव्हा डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांनी आपला विरोध उघडपणे नोंदवला. पक्षाचा एकुलता एक आमदार. त्या विधेयकाबद्दल तुमचं मत काहीही असो, डहाणूच्या मतदाराला आपला आमदार कुठे उभा होता ते माहीत आहे.

विलासरावांबद्दल लिहिताना एवढंच लिहून थांबले तर ते अपुरं होईल. ते सभागृहात बोलायचे तेव्हा विरोधकसुद्धा ऐकायचे. राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, २००२ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, देशाचा कायदा यायच्या तीन वर्षं आधी. अण्णा हजारेंच्या आंदोलनाचा रेटा त्यामागे होता, पण सही करणारं सरकार यांचं होतं. आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, विदर्भातल्या एका आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या सावकारीच्या तक्रारीत मुख्यमंत्री असताना त्यांनी पोलिसांच्या कामात हस्तक्षेप केला म्हणून राज्य सरकारला दहा लाखांचा दंड केला, हेही यांचंच. सावकाराच्या पाशात अडकलेल्या शेतकऱ्याची बाजू ज्यानं घ्यायची त्याच्याबद्दल न्यायालयाला असं म्हणावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. लातूरमध्ये हे बोललं की लोक नाराज होतात. मला साहेबांबद्दल आदर आहे आणि तो या दोन्ही गोष्टी माहीत असूनच आहे. १४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईत ते गेले. दुसऱ्या दिवशी बाभळगावला जमलेल्या गर्दीत त्यांना कधीच मत न दिलेली माणसंही होती, त्यातली काही माझ्या माहेरची.

आता काय करता येईल, ते माझ्यापुरतं सांगते. आपल्या आमदारानं विचारलेले तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं ते, वाचा. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना, म्हणजे लक्षवेधी, कोणत्या विषयावर दिल्या ते बघा. पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चावर, कोण बोललं, खर्चाला कात्री लावायच्या कपात सूचना कुणी दिल्या, हे छापलेलं असतं आणि कंटाळवाणं दिसत असलं तरी त्यातून माणूस कळतो. एखादा आमदार रस्त्याच्या ठेक्यांवरच पाच वर्षं बोलत असेल तर तेही कळतं. आणि मताची नोंद हवी असेल तर ती मागावी लागेल. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही. सभागृहात उभं राहून पोल मागायची सोय आजही आहे. खुर्ची सोडून दुसऱ्या कशासाठी तरी ती वापरणारा आमदार पाहिजे.

माझ्या मतदारसंघाच्या आणि माहेरच्या मतदारसंघाच्या, अशा दोन्ही आमदारांना मी पत्र लिहिलं आहे. दोन वेगळे पक्ष, पत्र एकच. त्यात तीन प्रश्न आहेत. गोदावरी खोऱ्याच्या पाणीवाटपाशी संबंधित कोणतंही विधेयक, दुरुस्ती किंवा ठराव पुढे सभागृहात आला तर तुम्ही पोल मागाल का? तुम्ही त्या दिवशी हजर होता की नव्हता आणि काय मत दिलं, हे तुम्ही स्वतः अधिवेशनानंतर तालुक्याच्या वर्तमानपत्रात जाहीर कराल का? आणि मराठवाड्यातल्या बाकीच्या आमदारांनीही पक्ष बाजूला ठेवून एवढी एक गोष्ट करावी म्हणून तुम्ही त्यांच्याशी बोलाल का? पत्रं रजिस्टर पोस्टानं गेली आहेत. उत्तर आलं की शब्दही न बदलता इथे देईन. तुमच्या आमदाराला हेच प्रश्न पाठवायचे असतील तर खुशाल पाठवा, माझं नाव घालायची गरज नाही.